आरशात बघू नको

शिरोली,
१३ एप्रिल २०२५

ती. मामा,

डबा पोचला. मेथीची भाजी आणि चार भाकरी होत्या. कालचा डबा धुऊन त्याच एस.टी.ने परत पाठवतो आहे. हे पत्र डब्याच्या फडक्याच्या आत आहे, हे कंडक्टरना सांगून ठेवलं आहे.

परवा फोनवर तुम्ही "बोल की, बोल की" म्हणत होता, तेव्हा मला हेच सांगायचं होतं. शब्द घशाशी येऊन अडतो आणि तुम्ही ओरडलात की तिथेच बसतो. लिहिताना अडत नाही. म्हणून इथून पुढे लिहूनच कळवीन.

शिकाऊ लायसन मिळालं. शाहूपुरीतल्या एका मोटर स्कूलमध्ये नाव घातलं आहे. या महिन्यात फौंड्रीत मला दुपारची पाळी आहे, तेव्हा नऊला स्टँडवर डबा घेतो आणि दहा ते साडेदहा गाडी शिकतो. शिकवणाऱ्यांचं नाव अमरसिंह सर. गाडी मला पुढे नेता येते. सहाच दिवसांत आली. अडतं ते मागे घेताना. परीक्षेत बांबू रोवून एस काढलेला असतो, त्यातून गाडी उलटी काढायची असते. बांबूला गाडी लागली की नापास.

तुमचं लायसन १४ ऑगस्टला संपतं आणि तुम्ही ते नवं करणार नाही म्हणता. त्याच्या आत माझं झालं तर तुमचा टेम्पो माझ्या हातात येईल. नाही झालं तर दूध संस्था पाच वाड्यांचं दूध दुसऱ्या कुणाला तरी देईल. हे मी विसरलेलो नाही. कास्टिंग घासून घासून आता रुमालावर खोकलो तर रुमाल काळा होतो, तेही विसरलेलो नाही. आई गेल्यावर तुम्ही मला याच टेम्पोत, दुधाच्या कॅनच्या मधे बसवून वाडीला आणलंत. तो टेम्पो दुसऱ्याच्या दारात उभा राहिलेला मला बघवणार नाही.

एकच विचारायचं आहे. तिसऱ्या वाडीतल्या त्या गल्लीत गाडी वळत नाही. तुम्ही रोज ती उलटी आत नेता. कशी नेता, तेवढं सविस्तर लिहा.

विश्वजित


वाडी,
१७ एप्रिल २०२५

विश्वा,

तुझं पत्र मामीनं वाचून दावलं. माझा चष्मा कुठं तरी पडलाय. तुझं अक्षर छापल्यागत हाय म्हणती. नववीत शाळा सोडली नसतीस तर आज मास्तर झाला असतास.

गल्लीचं काय इचारतोस. त्यात काय इद्या न्हाय. वाडीची रीत तुला म्हाईत हाय. मागं एक माणूस उभं ऱ्हातंय आणि दगडानं कॅन वाजवतंय. वाजतंय तवर येऊ द्यायचं. वाजायचं थांबलं की थांबायचं. माझ्या बापानं बैलगाडी तशीच आत घातली. गेल्या वर्सापासनं तुझी मामी संगट येती, कॅन उचलायला हात लागतोय म्हणून. तीच वाजवती. तिच्यागत दुसऱ्या कुणाला जमत न्हाय.

तुझ्या त्या सरांचं ऐक, पर माझं बी एक ध्यानात धर. आरशात बघू नको. आरसा फसवतोय. बाजूची काच खाली कर, कान मागं ठेव आणि चाक हळू सोड. बत्तीस वर्सं झाली, माझ्या मागच्या चाकाखाली कोंबडीचं पिल्लू बी आलं न्हाय.

लायसन नवं का करत न्हाय म्हणून मामीला इचारलंस म्हणं. कंटाळा आला, दुसरं काय न्हाय.

ज्ञानू चौगले


शिरोली,
७ मे २०२५

ती. मामा,

काल परीक्षा झाली. नापास झालो.

तुम्ही सांगितलेलं वहीत उतरवून काढलं होतं. सराव कसा केला तेही सांगतो. फौंड्रीत कास्टिंग वाहायची चार चाकांची ढकलगाडी असते. जेवणाच्या सुट्टीत मी ती डोळे मिटून मागे ओढायचो आणि माझ्या पाळीतला जिनेंद्र मगदूम पान्याने लोखंडावर वाजवायचा. तो थांबला की मी थांबायचो. बारा दिवसांत एकदाही भिंतीला लागलो नाही. जिनेंद्र म्हणाला, "विश्वा, ते खरं, पर परीक्षेला साहेब मागं उभा ऱ्हाऊन वाजवणार हाय व्हय?" सगळे हसले. मीही हसलो.

साहेबांनी काही वाजवलं नाही. ते सावलीत खुर्चीवर बसले होते. मी काच खाली केली, कान मागे ठेवले. मागे नुसता रस्त्याचा आवाज होता. दुसऱ्याच वळणावर डाव्या चाकाखाली बांबू मोडला.

सात दिवसांनी पुन्हा देता येते, पण मी सराव करून तीन जूनची तारीख घेतली आहे. वाजवणारं कुणी नसेल तर काय करायचं, ते कळवा.

विश्वजित


वाडी,
१२ मे २०२५

विश्वा,

एक डाव नापास झालास म्हणून काय आभाळ कोसळलं न्हाय. तुझ्या वयात मी गाडी वड्याच्या पाण्यात घातलती.

वाजवणारं न्हाय तर मोजायचं. मी तिसऱ्या वाडीत श्वास मोजतो. गल्लीच्या तोंडाला गाडी लागली की मोजाय लाग. चार श्वास सरळ. मग कांबळ्याच्या गोठ्याचा वास येतोय, तितं चाक डावीकडं अर्धं. परत सहा श्वास. मग पानंदीचा गार वारा मानंला लागतोय, तितं सरळ कर. मग दोन श्वास आणि थांब. इतकं सोपं हाय. डोळं मिटून जमंल.

मामी म्हणती खोकल्याचं औषध घे. डब्यात आल्याच्या वड्या हायत.

ज्ञानू चौगले


शिरोली,
३ जून २०२५

ती. मामा,

आज दुसऱ्यांदा नापास झालो. पाळीला जायला अजून दोन तास आहेत, तेवढ्यात हे लिहून उद्याच्या डब्यात घालतो.

शाहूपुरीच्या मैदानावर गोठा नाही आणि पाणंदही नाही, म्हणून मी तुमच्यासारख्या दुसऱ्या खुणा शोधल्या. वडापावच्या गाड्याचा वास कुठे येतो, वर्कशॉपचा आवाज कुठे मोठा होतो, ते सगळं पावलांनी मोजून वहीत नकाशा काढला. अमरसिंह सर शेजारी बसून बघत होते. म्हणाले, "पावणं, आरशात बघा की. कानानं गाडी चालवताय व्हय?" मी म्हणालो, माझे मामा बत्तीस वर्षं अशीच चालवतात. हे वाक्य पुरं व्हायला मला बराच वेळ लागला. ते म्हणाले, "मग त्यांलाच बसवा परीक्षेला."

आज वडापावचा गाडा आलाच नव्हता. मी सहा श्वास मोजले, पण घाबरल्यावर श्वास लहान होतो हे माझ्या लक्षात आलं नाही. तिसरा बांबू आडवा झाला. साहेब खुर्चीवरून उठून आले आणि म्हणाले, "आरसे काय भांग पाडायला लावलेत का?" त्यांनी वहीवर खूण केली. तिसऱ्यांदा नापास झालो तर साठ दिवस थांबावं लागेल, हेही त्यांनीच सांगितलं. साठ दिवस म्हणजे १४ ऑगस्टच्या पुढे.

मामा, एक विचारू का? तुमच्या मागच्या पत्रात तिसरी ओळ चौथीवर चढली आहे आणि शेवटची कागदाच्या बाहेर गेली आहे. तुम्ही चिडून लिहिलंत का? मी नापास झालो म्हणून चिडला असाल तर तसं सांगा. मी ऐकून घेईन.

तिसरी तारीख २४ जूनची मिळाली आहे.

विश्वजित


वाडी,
१३ जून २०२५

विश्वा,

हे मामीच्या हातनं लिहून घेतोय, माझ्या हाताला मुका मार लागलाय. चिडलो बिडलो न्हाय.

हिकडं पाऊस लई हाय. चार दिस सूर्य दिसला न्हाय. मागल्या आठवड्यात बेस्तरवारी तिसऱ्या वाडीत एक कॅन चाकाखाली येऊन चेपला. जुनाच हुता. संस्थेचा सेक्रेटरी इचारत हुता, मी म्हटलं टेम्पोतनं पडला.

तू चोवीसला नीट दे. घाई करू नको. आणि मी सांगितलेलं सोडू नको.

ज्ञानू चौगले


(याच डब्यात, भाकरीच्या खाली, पानात गुंडाळून)

विश्वा बाळ,

वरचं पत्र ह्यांनी सांगितलं तसं मी लिहिलं. हे माझं मी लिहितेय. ह्यांना कळवू नको.

त्यांच्या उजव्या डोळ्याला दोन वर्सं काय दिसत न्हाय. डाव्याला नळीतनं बघितल्यागत दिसतंय. समोरचं तेवढं दिसतंय, बाजूचं न्हाय. काचबिंदू म्हणाला डॉक्टर, गेलेलं परत येत न्हाय म्हणाला. लायसन नवं करायला डोळं तपासत्यात, म्हणून ते करत न्हाईत. आरशात त्यांना काय दिसतच न्हाय, तर तुला तरी काय सांगतील बाळा. त्यांनी तुला खोटं न्हाय सांगितलं. त्यांना जसं जमतंय तसंच सांगितलं.

मी कॅन उचलायला जात न्हाय. वाजवायलाच जाते.

त्या बेस्तरवारी गल्लीतल्या पत्र्यांवर पाऊस असा वाजत हुता की मी वाजवायचं थांबवलेलं त्यांना कळलंच न्हाय. पावसालाच ते माझा दगड समजले. गाडी येतच ऱ्हायली. मी बाजूला उडी मारली, कॅन ऱ्हायला. चाक त्याच्यावर चढल्यावर थांबले. उतरून त्यांनी कॅन चाचपला, मग मला चाचपलं. तवापासनं हात कापतोय. मुका मार बिर काय न्हाय.

जाऊ नका म्हटलं तर म्हणत्यात, विश्वाचं लायसन होईतवर. बाजारादिवशी टेम्पोत मागं सात-आठ बायका बसत्यात. मी कुणाजवळ बोलू?

तू लवकर पास हो.

मामी


शिरोली,
२५ जून २०२५

मामी,

हे पत्र फक्त तुमच्यासाठी आहे. तुम्ही पीठ पाठवलेली रिकामी पिशवी परत करतो आहे, तिच्यात घातलं आहे, डब्यात नाही.

काल मी आरशात बघितलं. तुमची चिठ्ठी आल्यापासून रोज अमरसिंह सर सांगतील तसाच सराव केला होता. दुसरा बांबू मागच्या काचेच्या कोपऱ्यात आला की चाक पूर्ण डावीकडे, उजव्या आरशात तिसरा दिसला की सरळ. दहा दिवसांत बत्तीस वेळा एस काढला, त्यातले एकोणतीस बरोबर. सर म्हणाले, "आता कसं, डोळं उघडलं."

काल पहिलं वळण बरोबर झालं. मग डाव्या आरशात बघितलं तर बांबूच्या जागी तुम्ही दिसलात. पदर डोक्यावर घेतलेला, हातात दगड. मला माहीत होतं की तिथे कुणी नाही. तरी पाय ब्रेकवर गेला तो उठेना. गाडी बंद पडली. साहेब म्हणाले, "घ्या, मागं घ्या." मी पुन्हा चालू केली, पुन्हा बघितलं, पुन्हा तसंच. तिसऱ्यांदा गाडी बंद पडली तेव्हा ते स्वतः दाराशी आले. रागावले नाहीत. "उतरा," म्हणाले, "साठ दिवसांनी या." एकाही बांबूला गाडी लागली नव्हती. एस अर्धाच राहिला होता.

जिनेंद्र म्हणाला, दुसऱ्या कुणाला तरी चालवायला ठेवा. मी म्हणालो, मामा तेवढ्यावर ऐकायचे असते तर कॅन चेपल्याच्या दुसऱ्या दिवशी गाडीवर बसले नसते.

साठ दिवस पावसाचेच आहेत, मामी. साठ दिवस तुम्ही त्या गाडीच्या मागे उभ्या राहणार आणि पत्रे वाजत राहणार. मी रात्रपाळी नसतानाही झोपलेलो नाही. मी काय करणार आहे ते तुम्हाला सांगत नाही. म्हणजे तुम्हाला माहीत होतं असं कुणाला म्हणता येणार नाही.

विश्वजित


शिरोली,
२६ जून २०२५

प्रति,
मा. सचिव, दूध संस्था.

विषय : दूध टेम्पोचे चालक श्री. ज्ञानू रामा चौगले यांच्या दृष्टीबाबत.

महोदय,

मी खाली सही करणार विश्वजित, श्री. चौगले यांचा सख्खा भाचा आहे. त्यांच्या उजव्या डोळ्याची दृष्टी दोन वर्षांपूर्वी गेली आहे. डाव्या डोळ्याला फक्त समोरचे थोडे दिसते. दि. ५ जून रोजी तिसऱ्या वाडीत चेपलेला कॅन टेम्पोतून पडलेला नव्हता. तो मागे घेताना चाकाखाली आला. त्या वेळी कॅनजवळ एक माणूस उभा होता. तो वाचला.

त्यांना यापुढे टेम्पो चालवू देऊ नये आणि टेम्पोत कुणालाही बसू देऊ नये, ही विनंती. हे मी कुणाच्या सांगण्यावरून लिहिलेले नाही.

आपला,
विश्वजित


शिरोली,
४ जुलै २०२५

ती. मामा,

सात दिवस डबा आला नाही. मी रोज नऊला स्टँडवर असतो. कंडक्टर लांबूनच हात हलवून नाही म्हणतात.

रिकामा डबा माझ्याकडे आहे. तो धुऊन पाठवला तर तुम्ही भरून पाठवणार नाही, या भीतीने ठेवून घेतला आहे.

विश्वजित


वाडी,
९ जुलै २०२५

विश्वा,

हे माझ्या हातानं लिहितोय. वळी वाकड्या जातील. आता लपवायचं काय ऱ्हायलं न्हाय.

सेक्रेटरीनं तुझा अर्ज मिटिंगमदी उभा ऱ्हाऊन वाचला. सगळी पाच वाड्यांची माणसं हुती. एका दमात वाचला. कुटं अडखळल्यागत वाटलं न्हाय. मी ऐकत हुतो आणि मला वाटत हुतं, पोरगं फोनवर असं कवा बोललं न्हाय.

त्यांनी इचारलं, खरं हाय का. मी म्हटलं, हाय. किल्ली टेबलावर ठेवली. कुणी उचलंना, म्हणून परत खिशात घातली. दूध आता खालच्या गावचा एक गडी नेतोय. त्याची गाडी मोठी हाय, गल्लीत येत न्हाय. माणसं कॅन डोक्यावर घेऊन रस्त्याला येत्यात. कांबळ्याची म्हातारी दूध घालायचीच बंद झाली.

तू वाईट केलंस असं मी म्हणत न्हाय. मामीच्या अंगावर गाडी गेली असती तर मी काय केलं असतं ते मी रोज मनात करून बघतोय.

एकच लागलं. कोंबडीचं पिल्लू बी आलं न्हाय, हे मी तुलाच लिहिलतं. कॅन टेम्पोतनं पडला हे बी तुलाच लिहिलतं. खोटं असलं तरी पयलं तुला लिहिलतं. तू खरं लिहिलंस ते पयलं सेक्रेटरीला. मला का न्हाय लिहिलंस? मी आडवं आलो असतो, मान्य हाय. पर लिहायचं हुतंस.

टेम्पो अंगणात तोंड भाईर करून उभा हाय. पावसात सडतोय. श्रावणात त्यो इकत घ्यायला गिऱ्हाईक येणार, तवर शेडात घालाय पायजे. उलटा घालावा लागतोय. मी बसणार न्हाय. कुणाच्या पाया पडणार न्हाय. मामीनं दगड वड्यात टाकून दिलाय, ती काय वाजवायची न्हाय. ऐतवारी तू ये. अंगणात लायसन लागत न्हाय.

डबा भरून पाठवलाय. तुझ्याकडचा आणून दे.

ज्ञानू चौगले


शिरोली,
१४ जुलै २०२५

ती. मामा,

मामींना वाचून दाखवावं लागू नये म्हणून एका पानावर चारच ओळी, मोठ्या अक्षरात लिहितो आहे. पानं बरीच झाली. खाली आकडे घातले आहेत.

काल तुम्ही ओट्यावर बसला होता. मी गाडीत बसल्यावर मामी मागे जातील अशी मला भीती होती. त्या गेल्या नाहीत. तुमच्या शेजारी येऊन बसल्या. समोरच्या काचेतून मला तुम्ही दोघंही दिसत होता. म्हणूनच मला आरशात बघता आलं. आरशात फक्त शेड होती.

तीनदा पुढे घेतली, चौथ्यांदा आत घातली. इंजिन बंद केल्यावर तुम्ही तिथूनच विचारलंत, "सरळ गेली का रं?" आत अंधार होता आणि तुम्हाला दिसणार नव्हतं. मी "हो" म्हणालो. तो शब्द अडला नाही. मामी माझ्याकडे बघत होत्या. तुम्ही म्हणालात, "मग झालं." आणि आपण जेवायला बसलो. तुम्ही मामींना सांगून मला दोनदा आमटी वाढायला लावलीत.

गाडी सरळ गेली नाही. मागचं डावं चाक भिंतीपासून एक वीत आहे, उजवं दीड हात. डाव्या बाजूचा आरसा खांबाला लागून फुटला. त्याचे तुकडे मी हाताने वेचून पिशवीतून इकडे आणले, म्हणजे तुमच्या पायात जाऊ नयेत, आणि तुम्हाला कळूही नये. भिंतीचा पोपडा निघाला आहे, तो मी पायाने कडेला सारला.

गिऱ्हाईक येईल ते गाडी पुढे काढून घेऊन जाईल. त्याला सरळ काय आणि वाकडी काय. माझे साठ दिवस भरतील तेव्हा शेड रिकामी असेल. मला पुन्हा परीक्षेला बसायचं कशासाठी, हे आज तरी मला लिहिता येत नाही. दुपारी पाळी आहे.

तुम्ही आज ना उद्या शेडमध्ये जाऊन हाताने चाचपून बघाल. मला तुमची सवय माहीत आहे. आधी बॉनेट, मग दार, मग आरसा. तुमचा हात तिथे पोचायच्या आधी हे पत्र पोचावं म्हणून मी ते डब्यात घातलं नाही. सकाळच्या गाडीच्या ड्रायव्हरच्या हातात दिलं आहे आणि तुमच्याच हातात द्यायला सांगितलं आहे.

गाडी वाकडी उभी आहे, मामा. या वेळी आधी तुम्हाला लिहिलं.

विश्वजित